पाचशे रुपयांच्या आतले गाणे

२२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बारा वाजता 'कोल्डप्ले' या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे विक्रीला निघाली आणि पाहता पाहता तिकिटे विकणाऱ्या संकेतस्थळानेच मान टाकली. लाखो माणसे आभासी रांगेत ताटकळत होती. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत छापील किंमत असलेली ही तिकिटे नंतर काळ्या बाजारात लाखांच्या भावाने पुकारली गेली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी आरंभली, उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, आणि हा प्रांत कायदे करणाऱ्यांचा आहे असे सांगून न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ती निकालात काढली. त्याच महिन्यात डी. वाय. पाटील स्टेडियमवर तिन्ही कार्यक्रम यथासांग पार पडले.

या प्रकरणात जी काही चर्चा झाली ती बहुतेक काळ्या बाजाराभोवती घुटमळली. पस्तीस हजारांचे तिकीट दोन लाखांना विकणारा गुन्हेगार ठरतो. पण मुळात गाणे ऐकण्यासाठी पस्तीस हजार मागणे स्वाभाविक कसे ठरले, हे विचारण्याची निकड फारशी कोणाला भासली नाही. वास्तविक आयोजक आणि काळाबाजारवाला यांच्यातला फरक कायद्याचा आहे, तत्त्वाचा नव्हे. दोघेही विकतात ती दुर्मिळता. गाणे हे त्या दुर्मिळतेचे निमित्त असते. उद्या तिथे दुसरे कोणी आले, आणि तेही तितकेच दुर्मिळ असले, तर रांग तीच राहील.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. स्टेडियममधल्या संगीतावर बहिष्कार घालावा असे मुळीच नाही. ज्यांना तिथे आनंद मिळतो त्यांनी तो जरूर घ्यावा. पण जिवंत संगीत जगते ते अन्यत्र: शंभर-दीडशे माणसांच्या जागेत, ऐकणाऱ्यांनी स्वतः दिलेल्या पैशांवर, कोणा प्रायोजकाच्या मर्जीवाचून. आणि अशा संगीताला दोन शत्रू आहेत. एक पस्तीस हजारांचे तिकीट. दुसरा फुकट पास. पहिल्याविषयी आपण हळहळतो, दुसऱ्याविषयी चकार शब्द काढत नाही, कारण तो आपल्या खिशात असतो.

तिकीट ही वस्तू मुळात कशासाठी जन्माला आली, हे आठवणे येथे उपयुक्त ठरेल. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १८९६ मध्ये मिरज सोडली. संस्थानच्या एका समारंभाचे निमंत्रण शिष्याला आले, गुरूला आले नाही; कारण विचारता, ते काय, गवई आहेत, असे उत्तर मिळाले, अशी हकीकत त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे पलुस्करांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर जलसा केला. ज्या काळी गवयाने राजाच्या दाराशी उभे राहायचे आणि सामान्य माणसाने त्या दारातून आत डोकावायचेही नाही, त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. तिकिटाने एकाच वेळी दोघांची सुटका केली. गवई राजाच्या लहरीतून सुटला आणि ऐकणारा निमंत्रणाच्या गरजेतून. ज्याच्याकडे ठरलेले पैसे आहेत तो आत येईल, त्याचे कूळ आणि हुद्दा विचारला जाणार नाही, हा त्या कागदाच्या कपट्याचा अर्थ होता. १९०१ मध्ये लाहोरला पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय काढले तेही याच विचाराच्या जोरावर, संस्थानिकाच्या खजिन्याऐवजी लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर भिस्त ठेवून.

या इतिहासाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. पलुस्करांनी संगीताला जी 'प्रतिष्ठा' मिळवून दिली तिची किंमत कलावंतिणींनी मोजली. ज्या बायकांनी पिढ्यानपिढ्या हे संगीत सांभाळले त्यांच्यासाठी सभ्य सभागृहाचे दार प्रथम बंदच राहिले. जुन्या खाजगी मैफलीही लोकशाहीचे नंदनवन नव्हत्या. दिवाणखान्यात कोणाला बसवायचे हे यजमान ठरवी, आणि त्याची यादी जातीच्या व वर्गाच्या कुंपणाबाहेर क्वचितच जाई. म्हणून 'जुने ते सोने' हा येथील युक्तिवाद नाही. युक्तिवाद एवढाच आहे की, तिकीट हे दरबाराचे दार फोडण्याचे हत्यार होते. आज त्याच हत्याराने नवा दरबार बांधला जात आहे.

दरबार हा शब्द अतिशयोक्तीचा वाटेल, पण त्याची रचना पाहा. रंगमंचाच्या लगतचा भाग अधिक पैसेवाल्यांसाठी. त्याहून अधिक पैसेवाल्यांसाठी वातानुकूलित लाउंज. बाकीची प्रजा कठड्यापलीकडे, पडद्यावर चेहरे पाहत. मानकऱ्यांची उतरंड अचूक लावलेली. आणि सर्वांच्या वर यजमान, म्हणजे प्रायोजक. आपल्याकडे मद्याच्या थेट जाहिरातीवर बंदी असल्यामुळे मद्य कंपन्यांनी आधी सोडा आणि संगीताच्या सीडींच्या नावाखाली, मग संगीत महोत्सवांच्या नावात स्वतःचे नाव जोडून आपली ओळख टिकवली. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेला 'एनएच सेव्हन वीकेंडर' हा स्वतंत्र संगीताचा म्हणून नावाजला गेलेला महोत्सव. पण त्याच्या नावाआधी एका रमचे नाव लागत असे. त्या मंचावर चांगले संगीत झाले हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्याचा जमाखर्च मद्य कंपनीच्या जाहिरात विभागावर अवलंबून, त्याला स्वतंत्र म्हणताना निदान थोडे अडखळायला हवे. संस्थानिकाची मर्जी फिरली की गवयाची तनखा बंद. जाहिरात विभागाची मर्जी फिरली की महोत्सव बंद. फरक असलाच तर इतका की, संस्थानिकांपैकी काहींना गाणे कळत असे.

यावरचा ठराविक प्रतिवाद असा की, ही बाजारपेठ आहे. ज्याला परवडते तो जाईल, ज्याला परवडत नाही तो घरी ऐकेल. बाजारपेठ असती तर हरकत नव्हती. पण ज्या देशातून ही व्यवस्था आपल्याकडे आली त्या अमेरिकेतच ती बाजारपेठ उरली आहे का याविषयी शंका आहे. १९९४ मध्ये 'पर्ल जॅम' या बँडने 'तिकीटमास्टर'विरुद्ध तेथील न्यायखात्याकडे तक्रार केली. तिकिटावर लावले जाणारे सेवाशुल्क अवाजवी आहे आणि मोठी सभागृहे कंपनीच्या करारांत अडकल्याने तिला टाळून दौरा करणे अशक्य झाले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वर्षभराने चौकशी बंद झाली. २०१० मध्ये तीच कंपनी 'लाइव्ह नेशन' या आयोजक कंपनीत विलीन झाली. म्हणजे कलावंतांचे व्यवस्थापन, कार्यक्रमांचे आयोजन, अनेक सभागृहे आणि तिकिटांची विक्री अशी सगळी नाकी एकाच हाती आली. मे २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने आणि अनेक राज्यांनी मिळून या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. तक्रार करणाऱ्या वादकांचे म्हणणे सरकारला पटायला तीस वर्षे लागली.

त्याच देशात, त्याच काळात, दुसरा मार्गही चालत होता. वॉशिंग्टनच्या 'फुगाझी' या बँडने १९८७ ते २००३ या काळात बहुतेक कार्यक्रम पाच डॉलरच्या आसपास तिकीट ठेवून केले. वयाची अट नाही, मद्यविक्रीवर अवलंबून जागा शक्यतो नाही, ध्वनिमुद्रिका स्वतःच्या गटाच्या कंपनीकडून. चर्चची तळघरे, वस्तीतली सभागृहे, शाळांच्या जागा यांतून त्यांनी आपला श्रोता उभा केला. ही काही संतांची मंडळी नव्हती. हिशेबाला पक्की होती. खर्च कमी ठेवला की तिकीट कमी ठेवता येते आणि तिकीट कमी ठेवले की कोणाची मिंधेगिरी करावी लागत नाही, एवढेच त्यांचे अर्थशास्त्र. सोळा वर्षे ते चालले. 'हे व्यवहारात शक्य नाही' असे म्हणणाऱ्यांनी या सोळा वर्षांचे काय करायचे ते ठरवावे.

आणि मोठ्या कार्यक्रमांना लहान जागांची गरज नसते असेही नाही. स्टेडियम भरणारा प्रत्येक कलावंत कधीतरी चाळीस माणसांपुढे गायलेला असतो. तेथेच तो चुकतो, सुधारतो आणि घडतो. ब्रिटनमध्ये हे आता मान्य होऊ लागले आहे. लहान सभागृहांच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये स्थापन झालेल्या 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' या संस्थेच्या अहवालानुसार एकट्या २०२३ या वर्षात तेथे सव्वाशे लहान जागांतले जिवंत संगीत थांबले. मोठ्या सभागृहांच्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड लहान जागांसाठी द्यावा, ही या संस्थेची मागणी तेथील सरकारनेही ऐच्छिक स्वरूपात उचलून धरली. विशेष म्हणजे २०२५ मधल्या आपल्या ब्रिटनमधील कार्यक्रमांच्या कमाईचा दहावा हिस्सा या संस्थेला देण्याचे ज्या बँडने जाहीर केले तो 'कोल्डप्ले'च. लंडनच्या छोट्या खोल्यांतून आपण वर आलो याची जाणीव त्यांना आहे. नवी मुंबईत त्यांना ऐकून परतलेल्या आपल्या मंडळींना, आपल्या शहरातल्या अशा खोल्या कोणत्या, हे सांगता येईल का?

एके काळी सांगता आले असते. मुंबईत धोबीतलावाला रंगभवन नावाचे सरकारी खुले नाट्यगृह होते. १९७८ पासूनची जॅझ यात्रा तेथे भरली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक'मध्ये महाविद्यालयीन पोरांचे बँड तेथेच वाजले. आसपासच्या रुग्णालयामुळे आणि शिक्षणसंस्थांमुळे तो भाग शांतताक्षेत्र ठरला आणि या शतकाच्या आरंभी रंगभवन मुके झाले. रुग्णांना शांतता हवी याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढच्या प्रश्नाविषयी: एक स्वस्त सार्वजनिक जागा बंद करताना तिच्या बदल्यात दुसरी का दिली नाही? पोकळी भरून काढायला खाजगी जागा आल्या. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' उघडले, नऊ वर्षे अनेक वादकांना मंच देत राहिले, आणि २०१६ मध्ये बंद पडले. गिरणगावातल्या जमिनीचे भाव आणि संगीताचे उत्पन्न यांची शर्यत कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको. ज्या भागात लाल बावटा कलापथकाचे शाहीर १९४० च्या दशकात कामगारांपुढे डफ वाजवत उभे राहत, त्याच भागात आज गाणे ऐकायचे तर आधी मेनूकार्ड हातात घ्यावे लागते.

आता दुसऱ्या शत्रूकडे वळू. पस्तीस हजारांवर टीका करणारा मराठी मध्यमवर्ग स्वतः संगीतासाठी काय मोजतो? दिवाळी पहाट हे त्याचे उत्तम उदाहरण. कल्पना सुंदर, पण शहराशहरांतून आता तिचे स्वरूप असे झाले आहे की, फलकावर गायकाच्या चेहऱ्याच्या चौपट नगरसेवकाचा चेहरा, प्रवेशिका त्याच्या संपर्क कार्यालयात विनामूल्य, पहिल्या चार रांगा 'निमंत्रितां'साठी राखीव, आणि मध्यंतरात सत्कार. याला आपण रसिकता म्हणतो. लाउंजच्या रांगेत आणि निमंत्रितांच्या रांगेत तत्त्वतः काय फरक आहे? तेथे पैसा पुढे बसतो, येथे वशिला. गाण्यावर जीव असलेला पण कोणाच्या ओळखीचा नसलेला माणूस दोन्हीकडे मागेच उभा असतो. हॉटेलात एका जेवणाला दोन हजार सहज देणारी माणसे गाण्याच्या कार्यक्रमाचे नाव काढताच 'पास मिळतील का' असे विचारतात, आणि हे विचारण्यात काही गैर आहे असे त्यांना वाटतही नाही. गवयाच्या बिदागीचे पैसे आकाशातून पडतात अशी त्यांची समजूत असावी. ते आकाशातून पडत नाहीत. ते बिल्डरकडून, पतपेढीकडून, आमदाराकडून येतात, आणि देणारा त्याची परतफेड आपल्या हिशेबाने करून घेतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सगळेच विनामूल्य संगीत मिंधे नसते. जालंधरचे हरिवल्लभ संगीत संमेलन १८७५ पासून चालत आले आहे. वाराणसीच्या संकटमोचन मंदिरातला समारोह शंभर वर्षांचा आहे. तेथे कलावंत हजेरी लावायला येतो आणि अंगणात कोणीही बसू शकतो. चेन्नईच्या ऊरूर ओलकॉट कुप्पम या मच्छिमारांच्या वस्तीत २०१५ पासून टी. एम. कृष्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो उत्सव भरवला, त्यात कर्नाटक संगीत आणि परै अट्टम एकाच मंचावर आले. ज्या सभागृहांत त्या वस्तीतली माणसे कधी गेली नसती, त्यांतले गाणे त्यांच्या दाराशी आले. आपल्याकडे शाहिराची झोळी हा याच जातीचा प्रकार. कार्यक्रम संपल्यावर ती गर्दीतून फिरते, ज्याला जे जमेल ते तो टाकतो. या साऱ्यांत समान सूत्र हे की, पैसा कमी असो वा नसो, गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये तिसरा मालक नाही. झोळीत पडणारे दहा रुपये आणि पलुस्करांचे तिकीट ही एकाच कुळातली नाणी आहेत. पस्तीस हजारांचा लाउंज आणि नगरसेवकाचा पास ही दुसऱ्या कुळातली.

हिशेबच मांडायचा तर तोही सोपा आहे. शंभर माणसे साडेतीनशे रुपये देऊन एका शाळेच्या सभागृहात जमली तर पस्तीस हजार रुपये होतात, म्हणजे बरोबर एका लाउंज-तिकिटाचे मूल्य. त्यात सभागृहाचे भाडे, गायकाची बिदागी, तबला-पेटीच्या साथीदारांचे मानधन, प्रवासखर्च आणि चहा भागवायचा. ओढाताण होईल, पण कार्यक्रम होईल. आणि एका माणसाच्या एका संध्याकाळीऐवजी शंभर माणसांची संध्याकाळ होईल. सरकारनेही, कळत वा नकळत, याला एक वाट ठेवली आहे. संगीताच्या कार्यक्रमाचे प्रवेशशुल्क माणशी पाचशे रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही; २०१७ मध्ये ही मर्यादा अडीचशे होती, २०१८ मध्ये ती वाढवली गेली. पाचशेच्या आतले गाणे हे करखात्याच्या दृष्टीनेही वेगळ्या जातीचे आहे. रसिकांच्या दृष्टीने ते तसे केव्हा होणार?

शिवाय शंभर माणसांच्या खोलीत जे घडते ते पन्नास हजारांच्या मैदानात घडूच शकत नाही. तेथे तंबोऱ्याची जवारी ध्वनिक्षेपकावाचून ऐकू येते. गायक एखादी जागा घेतो, समोरच्या रांगेतला म्हातारा मान हलवतो, आणि ती मान पाहून गायक तीच जागा निराळ्या वाटेने पुन्हा घेतो. हा व्यवहार म्हणजेच मैफल. मैदानात गायकाला प्रकाशझोतापलीकडचे काही दिसत नाही. तेथे गाण्यांचा क्रम, प्रकाशयोजना, बोलायची वाक्येसुद्धा आधी ठरलेली, कारण एवढ्या अवाढव्य यंत्रणेत उत्स्फूर्तता परवडत नाही. श्रोता तेथे हजर असतो तो साक्षीदार म्हणून. त्याच्या असण्या-नसण्याने गाणे बदलत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केल्यापासून, वर्षातले मोजके सवलतीचे दिवस सोडले तर, रात्रभराच्या मैफली उठल्या आणि उत्तररात्रीचे राग सकाळ-संध्याकाळच्या वेळापत्रकाबाहेर पडले, अशी खंत नेहमी व्यक्त होते. पण बंद खोलीत, ध्वनिक्षेपकाशिवाय, साठ माणसांपुढे मालकंस गाण्यास कोणता नियम आडवा येतो? आडवी येते ती आपली समजूत की, कार्यक्रम म्हटला की भव्य पाहिजे.

लहान म्हणजे हलके, हा प्रतिवादही टिकणारा नाही. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आज फार मोठा आहे, त्याला प्रायोजकही आहेत. पण तो ज्या श्रोत्यांच्या बळावर वाढला ते श्रोते आधी कुठेतरी तयार झाले होते. कोल्हापूरचा देवल क्लब, पुण्याचे गायन समाज, मुंबईच्या उपनगरांतली संगीत मंडळे, गणेशोत्सवातले गल्लीतले मांडव, अशा ठिकाणी ऐकून ऐकून त्यांचे कान तयार झाले. तयार कान हे संगीताचे खरे भांडवल आहे आणि ते कोणताही प्रायोजक पुरवू शकत नाही. ते साचते दर महिन्याच्या लहान बैठकींतून, आणि तशा बैठकी थांबल्या की दहा वर्षांत आटते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. महापालिकांच्या शाळांची सभागृहे संध्याकाळी रिकामी पडलेली असतात. ती नाममात्र भाड्याने गाण्यासाठी द्यावीत. शंभर माणसांच्या बैठकीला आणि पन्नास हजारांच्या मैदानाला परवान्याचे एकच जंजाळ लावू नये. मैदानातल्या प्रत्येक तिकिटामागे काही रुपये लहान जागांसाठी बाजूला काढावेत; ब्रिटनमध्ये ही मागणी मांडता येते तर महाराष्ट्रात का नाही? रंगभवनासारखी एक तरी स्वस्त सार्वजनिक जागा मुंबईला परत मिळावी.

पण या मागण्या करण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्यालाच आहे. म्हणून शेवटची मागणी वाचकांकडे. यापुढे पास मागू नका. ओळखीच्या गायिकेचा कार्यक्रम असेल तर ओळख आहे म्हणून तर आधी तिकीट काढा. महिन्यातून एकदा, आपल्या पायी जाता येईल अशा ठिकाणी, नाव न ऐकलेल्या कोणाला तरी ऐका आणि त्याचे दोनशे-तीनशे रुपये रोख मोजा. गाणे आवडले नाही तर तसे बाहेर सांगा. पैसे मोजलेल्या श्रोत्याला तो हक्क असतो आणि गाणाऱ्याला त्याची गरज असते. पलुस्करांनी एका तिकिटाने गवयाला दरबारातून बाहेर काढले. त्याला पुन्हा दरबारात जाऊ द्यायचे की नाही, हे आता तिकीट काढणाऱ्याच्या हाती आहे.